तीन जोड्यांचा टाकळा

दोन हजार बावीस साल. मला सत्तरावं लागलं होतं, असं शाळेचा दाखला म्हणतो. आई म्हणायची, मास्तरांनी दोन वर्षं कमी लावली. तेव्हा सत्तर नाहीतर बहात्तर, काय ते धरा. डोळे मात्र पक्के बहात्तरचे होते आणि ते मी कुणाजवळ कबूल करत नव्हतो.

आमचं गाव खाडीकाठचं. गाव अजून आहे, दोन गल्ल्या मागे. पण शेती होती तिथं आता सोसायट्या आहेत. त्यातल्याच एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर मुलानं फ्लॅट घेतला. माझ्या हिशोबानं आमचं स्वयंपाकघर बरोबर आमच्या जुन्या बांधावर येतं. मुलगा म्हणतो, बाबा, तिसऱ्या मजल्यावर कसला बांध? मी म्हणतो, खाली आहे ना, मग वरही आहे.

मी चौथीपर्यंत शिकलो. सही येते, पेपर वाचतो, कुणाचं पत्र असलं तर वाचून दाखवतो. पण झाडपाल्याचं मला कुणी शिकवू नये. कुठली भाजी कधी खायची, कुठली उकळून पाणी टाकून द्यायचं, कुठल्या पाल्याला गाय तोंड लावत नाही, हे आईनं हाताला धरून दाखवलेलं. त्याला पुस्तक लागत नाही.

त्या साली श्रावणात माझ्या सुनेला सातवा लागला होता. सून घाटावरची. मुलाच्या जुन्या ऑफिसातली ओळख, मग लग्न. मुलगी शांत, हसून बोलणारी, मला मामा म्हणते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिची आई तिला न्यायला आली होती. चार दिवस राहून दोघी निघणार होत्या. विहीणबाई बोलायला फटकळ. मलाही कुणी बोललेलं खपत नाही. त्यामुळं चार दिवस सून आमच्या दोघांच्या मधे बसून जेवायची.

टाकळ्याचा विषय तिनंच काढला. रविवारी रात्री जेवताना म्हणाली, "मामा, तुम्ही सारखं सांगता तो टाकळा एकदा खायचाय. परत येईन तेव्हा पावसाळा संपलेला असेल."

विहीणबाई लगेच म्हणाल्या, "आन् ही कुठली नवी भाजी? उष्ण असती ती. सातव्यात नगं."

"आमच्या बायकांनी सातव्यात खाल्ला, नवव्यात खाल्ला," मी म्हणालो. "माझी आईसुद्धा. मी काय वाकडा जन्मलो?"

"ते मी कशाला सांगू, पाव्हणं. तुमास्नी रोज बघणारे हायतच की."

सून भाकरीत तोंड घालून हसली. झालं. आता टाकळा आणणं भागच होतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टाकळा पावसाळ्यात कुणी न पेरता येतो. जमीन खणलेली, उकरलेली, ओली असली की तो आलाच. रस्त्याच्या कडेला, पाइप टाकायला खणलेल्या चरावर, मातीच्या ढिगावर. शेंगा येतात, मुगाच्या शेंगेपेक्षा बारीक आणि लांब, विळ्यासारख्या वळलेल्या. फूल पिवळं. भाजी खायची ती कोवळी, फूल यायच्या आत. फुलं लागल्यावर नुसते शेंडे खुडायचे आणि खालचं जून पान सोडून द्यायचं.

आणि त्याच ओल्या उकरलेल्या मातीत, त्याच्याच खांद्याला खांदा लावून कासविंदा येतो. त्याचंही फूल पिवळं. त्याचीही शेंग, पण चपटी. लांबून दोघं सख्खे भाऊ. कासविंदा आमच्याकडं कुणी खात नाही. त्याच्या बिया पोटात गेल्यानं पोरं दगावली, असं आई सांगायची. म्हणून तिनं मला पहिल्या दिवशीच बांधावर बसवून पान मोजायला लावलं होतं. एका देठावर समोरासमोर पानं असतात, त्याच्या जोड्या मोजायच्या. टाकळ्याला तीन जोड्या, पान टोकाला गोल, वरची जोडी सगळ्यात मोठी. कासविंद्याला चार, पाच, आणि पान टोकदार. "फुला कवाच बघाचा नाय," आई म्हणायची. "फूल दोगांचा सारका. तीनचे वरती गेला का हात मागं."

सोमवारी सकाळी सहा वाजता पिशवी घेऊन निघालो. सोसायटीच्या मागं एक प्लॉट आहे. पत्रे ठोकून चार वर्षं झाली, काम काही उभं राहिलं नाही. एकदा पाया खणला तेवढाच. त्या खड्ड्याच्या कडेनं सगळीकडं पिवळं फुललेलं होतं. पाऊस भुरभुरत होता. चष्म्याच्या काचेवर पाणी येतं, मग पुसा, मग परत येतं. मी तो काढून खिशात टाकला. हात जाणतो म्हटलं. अर्ध्या तासात पिशवी भरली.

गेटवर आमचे सेक्रेटरी भेटले. बँकेतून रिटायर झालेले, आमच्याच मजल्यावर समोर राहतात. सकाळी फिरायला जातात आणि येताना कुठं कोणाची गाडी आडवी लागली ते बघतात. त्यांचं माझं वर्षभर एकाच गोष्टीवरून वाजत होतं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. हिरवी बादली, निळी बादली. मी म्हणायचो, आमच्या उकिरड्यानं कधी विचारलं नाही ओलं कुठलं नि सुकं कुठलं. मी सगळं एका काळ्या पिशवीत भरून, गाठ मारून दाराबाहेर ठेवायचो. त्यांनी नोटीस लावली की मी नोटीस मोठ्यानं वाचायचो, शेवटच्या तारखेसकट, आणि तीच पिशवी ठेवायचो.

"काका, काय आणलंत सकाळी सकाळी?"

"टाकळा. तुम्हाला काय कळणार, तुम्ही बाजारातली कोथिंबीर ओळखणारे."

"कुठं मिळाला?"

"ती काय पिवळी फुलं दिसतात पत्र्यामागं. तीच."

असं मी म्हणालो. मला आईनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं फुलावरून ओळखू नको, आणि मी दुसऱ्याला फुलावरूनच ओळख सांगून मोकळा झालो. पुढं हे मला फार लागलं.

गॅलरीत पेपर पसरून भाजी मीच निवडली. कोवळी पानं टोपलीत, देठ, फुलं आणि जून पानं पेपरावर. नऊच्या सुमाराला सगळं काळ्या पिशवीत कोंबलं, गाठ मारली, दाराबाहेर ठेवली आणि आंघोळीला गेलो. आमच्याकडं कचऱ्याची गाडी अकराला येते.

भाजी सुनेनं केली. भिजवलेली चणाडाळ, हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं. मी बाजूला स्टूल टाकून सांगत होतो. तांदळाची भाकरी मात्र तिनं माझ्यापेक्षा चांगली थापली. विहीणबाईंचा नि माझा श्रावणी सोमवार, म्हणून भाजी खाणारी ती एकटीच; विहीणबाई शेंगदाणे खात लांबून बघत होत्या. सून दोन भाकऱ्या जेवली. परत भाजी घेतली. मी विहीणबाईंकडं एकदा बघितलं.

साडेतीन वाजता मी पडलो होतो. बाथरूमचा आवाज आला. उठून गेलो तर सून बेसिनला धरून उभी, उलटी करत होती. चेहरा पांढराफटक. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग म्हणाली, "आई, गरगरतंय," आणि खालीच बसली.

विहीणबाईंनी तिला धरलं. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "मी नगं म्हनलं व्हतं."

"एखाद्या उलटीनं काय होतं," मी म्हणालो. आवाज मोठाच लावला होता. "गरोदर बाईला उलटी होतेच."

तेवढ्यात बेल वाजली. दारात सेक्रेटरी, हातात मोबाइल. त्यांना घरातलं काही माहीत नव्हतं. ते आपल्या आनंदात आले होते.

"काका, तुमचा टाकळा बघायला गेलो होतो. फोटो काढला. मोबाइलमधे झाडाचं नाव सांगणारं एक अ‍ॅप असतं, त्यात टाकला. ते म्हणतं हा टाकळा नाहीच. कासविंदा म्हणतं. आणि खाली लिहिलंय विषारी. टेन्शन देत नाही, पण म्हटलं सांगावं. खाल्ला तर नाही ना तुम्ही?"

मी फोटो बघितला. मोबाइल लांब धरला, जवळ धरला. पिवळं फूल. पान टोकदार. एक, दोन, तीन, चार, पाच जोड्या.

कासविंदाच होता.

सेक्रेटरींनी आत बघितलं. सून जमिनीवर, डोकं आईच्या मांडीवर. त्यांचा चेहरा उतरला. "अरे देवा," म्हणाले, "मी गाडी काढतो."

मुलगा उरणला कंटेनर यार्डात कामाला. ड्यूटीवर मोबाइल जमा करावा लागतो, सहाच्या आत लागत नाही. मला खरं सांगायचं तर तो लागला नाही याचं बरंच वाटलं. त्याला काय सांगणार होतो?

सुनेचं नाव जिथं घातलं होतं तो दवाखाना दोन सेक्टर सोडून आहे. डॉक्टर बाई, चाळिशीच्या. त्यांनी सुनेला लगेच आत घेतलं. थोड्या वेळानं पडद्यामागून बाळाचे ठोके ऐकू आले. खाडीत लांबून होडीचं मशीन ऐकू येतं ना, तसे. विहीणबाई भिंतीला टेकल्या आणि डोळे मिटून घेतले. मला बसावंसं वाटत होतं, पण बसलो नाही.

डॉक्टर बाहेर आल्या. "ठोके ठीक आहेत. तिचं बीपी थोडं कमी आहे, सलाइन लावतेय. आता मला नीट सांगा, तिनं काय खाल्लं?"

"टाकळा," मी म्हणालो.

"कासविंदा," सेक्रेटरी म्हणाले आणि फोटो दाखवला.

"दोघांपैकी एक सांगा. टाकळा असेल तर मी इथंच थांबते. दुसरं असेल तर रक्त तपासायचं, लिव्हर बघायचं, मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं, तीन-चार दिवस तरी लक्ष ठेवायचं. हिच्या पोटात काय गेलंय ते कळायला हवं."

"बाई, मी सत्तर वर्षं टाकळा खातोय."

"आजोबा, सत्तर वर्षांचं मला काय करायचंय? आज सकाळचं दाखवा."

मला आजवर कुणी असं गप्प केलं नव्हतं. त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त बसलं.

मी डोळे मिटून सकाळ आठवायला लागलो. पाऊस, पत्रे, चिखल, पिशवी. शेंडे खुडतानाचा हात आठवत होता. पान आठवत नव्हतं. एकाही पानाच्या जोड्या मी मोजल्या नव्हत्या. चष्मा खिशात होता. प्लॉटवर कासविंदा होता, हे तर मोबाइलनं दाखवलंच. मग माझ्या पिशवीत काय होतं? आतापर्यंत मला वाटत होतं की तो प्लॉटवरच राहिला, माझ्या पिशवीत टाकळाच आला. आता कळलं की पिशवीत दोन्ही आलेले असू शकतात.

"निवडल्यावर काही उरलं असेल," डॉक्टर म्हणाल्या. "देठ, पानं, काहीही. शिजलेल्या भाजीवरून कुणालाच सांगता येणार नाही."

"सगळं कचऱ्यात टाकलं," मी म्हणालो. "गाडी अकराला गेली."

सेक्रेटरींनी नुसता मोबाइल खिशात टाकला. त्यांना बोलायला केवढी जागा होती. वर्षभर ते त्याच काळ्या पिशवीसाठी माझ्या मागं लागले होते.

मी आत सुनेजवळ गेलो. सलाइन चालू होतं. मला बघून ती उठायला लागली.

"उठू नको, बाय. पड." मी बाटलीकडं बघत म्हणालो, "माझं चुकलं असेल. मी मोजला नाही."

"काय मोजलं नाही?"

"जोड्या. पानाच्या. आणि देठ पण गेले गाडीत, नाहीतर दाखवले असते."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मामा, रागावू नका. ते देठ गाडीत गेले नाहीत."

"म्हणजे?"

"तुम्ही पिशवी बाहेर ठेवून आंघोळीला जाता ना, तेव्हा मी रोज ती उघडते. ओला हिरव्या बादलीत काढते नि झाडूवाल्याकडं खाली खड्ड्यात टाकायला देते. सुका परत गाठ मारून ठेवते. लग्न झाल्यापासून." थांबून म्हणाली, "तुमच्याशी वाद कोण घालणार?"

मला राग यायला हवा होता. इतर कुठल्याही दिवशी आला असता, आठवडाभर बोललो नसतो. त्या क्षणी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. तेही मी केलं नाही. नुसतं म्हणालो, "सलाइन हलवू नको," आणि बाहेर आलो.

आमच्या सोसायटीत खताचे तीन खड्डे आहेत, विटांचे, वर जाळीची झाकणं. त्याची चावी सेक्रेटरींकडं. गाडीतून येताना ते फक्त एकदा म्हणाले, "सोमवारचा मधला खड्डा." झाकण उघडलं. वर सोमवारची बेलपानं, फुलं, केळ्याची सालं, चहाचा चोथा. तीस घरांचं. मी गुडघे टेकून हात घातला. सेक्रेटरी आधी रुमाल नाकाला लावून उभे होते. मग रुमाल खिशात ठेवला, बाह्या वर केल्या आणि माझ्या शेजारी बसले.

"काका, हे कुणाचं? दुधीचं साल."

"ते नको. देठ बघा. हिरवा, गोल, बोटाएवढा."

"हे?"

"मेथी आहे ती. बँकेत काय हो ओळखत होता तुम्ही?"

"सह्या," ते म्हणाले. "हजारो सह्या ओळखल्या. एक खोटी सुटली नाही."

"मग हेही तसंच बघा."

कोपरभर खाली हात गेला तेव्हा ओला पेपर लागला. आमचाच पेपर, माझ्या चहाच्या कपाचा गोल डाग अजून दिसत होता. त्याच्या आत चुरगाळलेले माझे देठ. जून पानं लागलेली तशीच होती. मी खिशातून चष्मा काढला. बोटं चिकट, काचेवर खरकटं लागलं, काही दिसेना. मी देठ सेक्रेटरींच्या हातात दिला.

"खालून मोजा. समोरासमोर दोन पानं, ती एक जोडी."

"एक. दोन. तीन."

"पुढं?"

"पुढं नाही. संपलं."

"टोक कसं आहे?"

"गोल. नाण्यासारखं."

"दुसरा घ्या."

"एक, दोन, तीन. गोल."

असे एकेक करून त्यांनी बावीस देठ मोजले. मी प्रत्येक वेळी पुढं विचारत होतो आणि ते प्रत्येक वेळी पुढं नाही म्हणत होते. मला माहीत नव्हतं की त्यांची मुलगी परदेशात आहे आणि तीही गरोदर आहे, आठवा महिना. ते त्यांनी मला तिथं खड्ड्याकाठी सांगितलं.

तेविसावा मी उचलला. तो माझ्या बोटांना वेगळा लागला. चष्मा एव्हाना सदऱ्याला पुसून घातला होता. पाच जोड्या. टोकदार. चुरगाळला तर उग्र वास. कासविंदा.

सेक्रेटरी पेपरातले उरलेले देठ झटकत होते, त्यांनी बघितलं नाही. तो देठ खड्ड्यात परत टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. माझी सत्तर वर्षं जिथल्या तिथं राहिली असती.

मी तो नीट बघितला. शेंड्याची कोवळी पानं जागेवरच होती, एकही खुडलेलं नव्हतं. बाकी सगळ्या देठांचे शेंडे मी ओरबाडून घेतले होते. हा एकटा अख्खाच्या अख्खा फेकलेला. म्हणजे प्लॉटवर हातानं तो उचलला आणि घरी निवडताना त्याच हातानं तो टाकला. मला एकही गोष्ट आठवत नव्हती. एकच असा होता की आणखी काही टोपलीत गेले होते?

"हा बघा," मी सेक्रेटरींना म्हणालो. "हा तुमच्या फोटोतला."

त्यांनी घेतला, मोजला, माझ्याकडं बघितलं. आम्ही परत बसलो आणि पेपराखालचं सगळं वर काढून आणखी एकदा चाळलं. दुसरा मिळाला नाही. सगळं एका स्वच्छ पिशवीत भरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांना झाडं ओळखता येत नव्हती, तसं त्यांनी सरळ सांगितलं. पण त्यांच्याकडं एक आया होती, उरणकडची, माझ्याच वयाची, नऊवारी नेसलेली. डॉक्टरांनी तिला हाक मारली. तिनं ट्रेमधे देठ ओतले, दोन बोटांनी बाजूला सारत गेली.

"यो टाकला. यो टाकला. यो पन टाकला. जून आनलाय जरा. यो कासइंदा." तो एक तिनं वेगळा ठेवला. शेंडा फिरवून बघितला. "याचा काय खुरलेला नाय. तसाच टाकलाय. बाजी टाकल्याची जालीय, बाय, काय बिती नाय."

मग माझ्याकडं वळली. "आनला कोनी?"

"मी."

"चष्मा कवा घातला?"

"आता."

"सकाली कुटं व्हता?"

"खिशात."

"खिशाला काय दिसतंय?" ती म्हणाली आणि ट्रे उचलून गेली. माझ्या आईच्या बोलीत मला कित्येक वर्षांत कुणी रागावलं नव्हतं.

डॉक्टरांनी सुनेला परत विचारलं, सकाळपासून काय काय घेतलं. तेव्हा कळलं की लोहाची गोळी सकाळी घ्यायची राहिली होती, ती तिनं अडीच वाजता नुसत्या चहाबरोबर घेतली. "ह्या गोळीनं पुष्कळ जणींना असं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त तपासायला पाठवते, खात्रीसाठी. आठ वाजेपर्यंत काही झालं नाही तर घरी न्या. टाकळा एखाद दिवस ठीक, पण सातव्यात परत परत नको." मग माझ्याकडं बघून, "तो वेगळा देठ तुम्ही दाखवलात ते बरं केलंत. नाहीतर मला शंका राहिली असती."

मी मान हलवली. मला एकदम खूप तहान लागली. कूलरवर जाऊन तीन ग्लास पाणी प्यायलो आणि मग बाकावर बसलो. दुपारपासून पहिल्यांदा.

सात वाजता मुलगा धावत आला तेव्हा सून बिस्किट खात होती. "काय झालं?" त्यानं विचारलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"गोळी चहाबरोबर घेतली हिनं," मी म्हणालो. मग म्हणालो, "आणि मी चष्मा न घालता भाजी खुडली. घरी जाऊन सांगतो."

रिपोर्ट चांगला आला. साडेआठला घरी आलो. सून पडली, मुलगा तिच्याजवळ बसला. मी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेलो तर विहीणबाई ओट्याजवळ उभ्या होत्या. उपास सोडायची वेळ कधीच टळून गेली होती. त्यांनी फ्रिज उघडला, दुपारच्या भाजीची वाटी काढली, तव्यावर गरम केली. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाल्या, "भाकरी हाय का दुपारची?"

"आहे. पण विहीणबाई, तुम्हाला वरण भात लावतो की."

"का? टाकळा हाय ना ह्यो?"

"टाकळाच आहे."

"मग." त्यांनी पानात भाजी घेतली, देवाला हात जोडले आणि घास खाल्ला. हळूहळू चावला. "माझ्या लेकीनं खाल्लं आन् मी भ्याले, असं तुमी गावभर सांगत फिरला असता."

"सांगितलं असतं."

"ठाव हाय मला." दुसरा घास घेतला. "मीठ कमी हाय. पर भाजी वंगाळ न्हाई." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पाव्हणं, पोरगी दिली तवा लोक म्हणत व्हते, खाडीकडची मानसं आडमुठी असत्यात. मी म्हनलं, असूंद्या. खरं बोलत्यात का, तेवढं बघा."

मी त्यांना पाणी ओतून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता उठलो. चष्मा गरम पाण्यानं धुतला, त्याची दांडी ढिली होती ती दोऱ्यानं बांधली आणि घरातूनच घालून निघालो. प्लॉटवर गेलो. पाऊस नव्हता. टाकळ्याच्या आणि कासविंद्याच्या झुडपांमधे मी अर्धा तास उभा होतो आणि प्रत्येकाच्या जोड्या मोजल्या. एक टाकळ्याची फांदी घेतली, एक कासविंद्याची. घरी येऊन सुनेच्या समोर टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, मोज. तिनं बोट लावून मोजल्या, बरोबर ओळखल्या. विहीणबाईंनीही मोजल्या, मी सांगितलं नसताना.

मग काळी पिशवी उघडली. रात्रीची सालं, चहाचा चोथा, खोबऱ्याची पाठ, त्यात त्या दोन फांद्या, सगळं हिरव्या बादलीत काढलं आणि बादली घेऊन मीच जिना उतरलो. सेक्रेटरी खड्ड्यापाशीच होते. त्यांनी बादलीत बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि झाकण वर धरून उभे राहिले.